चाळीस अंशांची भिंत

नमिताला वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कुणी विचारलं, की तू त्या शेडमध्ये रोज संध्याकाळी जाऊन करतेस तरी काय, तर ती सरळ सांगायची, भिंत चढते. मग विचारणारी बाई हसायची. भिंत पाल चढते, चोर चढतो. लग्नाला आलेली पोर कशाला चढेल? नमिताची आई सगुणा चार बंगल्याच्या बाजारात मासळी विकायला बसे. तिला तर गिऱ्हाइकंही विचारत, आणि ती पापलेट साफ करता करता म्हणे, चढते तर चढू दे, पडत नाय ना. नमिता पडत होती. रोज तीस-चाळीस वेळा पडत होती, पण खाली जाड गादी होती आणि आईला ते सांगायचं काही कारण नव्हतं.

त्या भिंतीला बोर्ड म्हणायचं. लोखंडी सांगाड्यावर बसवलेली बारा फुटी प्लायवूडची भिंत, आणि ती सरळ उभी नाही, चढणाऱ्याच्या अंगावर चाळीस अंश झुकलेली. तिच्यावर बोटांनी धरायचे दोनेकशे होल्ड. काही प्लास्टिकचे, काही लाकडी, काही इतके बारीक की नखाला लागतात, बोटाला नाही. प्रत्येकाखाली एक छोटा दिवा. फोनवर एक प्रॉब्लेम, म्हणजे चढायची एक ठरलेली वाट, निवडला की त्यातले आठ-दहा होल्ड उजळतात. तेवढेच धरून खालून वरपर्यंत जायचं. आणि या बोर्डची खरी मिजास वेगळीच. जगात कुठेही जा, हा बोर्ड सारखा. कुठला होल्ड कुठल्या भोकात, त्याचं तोंड कुठल्या बाजूला, दोहोंत अंतर किती, सगळं ठरलेलं. ओसाकातली पोरगी जो प्रॉब्लेम चढते तोच वर्सोव्यातली चढते, आणि ॲपच्या यादीत दोघींची नावं एकाखाली एक येतात. नमिताला ती यादी फार आवडायची. जन्मभर लोकांनी तिला विचारलं होतं, कुठली, कुणाची, आडनाव काय. यादी फक्त चढलीस का, एवढंच विचारायची.

सारखेपणाचं माणसाला भारी वेड. वजनं सारखी, फूटपट्टी सारखी, परीक्षेचा पेपर सारखा. एकदा पेपर सारखा ठेवला, की पोरं कुठल्या बाकावर बसून लिहितात ते बघायची कुणाला गरज वाटत नाही.

बोर्ड होता गार्गीचा. गार्गी जवळच्याच सात बंगला भागातली, वडील दातांचे डॉक्टर, आई कॉलेजात शिकवायची. अंधेरीतल्या एका भाड्याच्या भिंतीवर दोघींची ओळख झाली होती आणि दोन महिन्यांत एकमेकींवाचून करमेनासं झालं होतं. गार्गीच्या अठराव्या वाढदिवसाला वडिलांनी बोर्ड मागवून दिला, पण सोसायटीनं गच्चीवर ठेवू दिला नाही. गच्ची सामायिक आहे, आणि तिथे सभासदांचे पापड वाळतात, असं सेक्रेटरींनी लेखी कळवलं. गार्गी रडायच्या बेताला आली. तेव्हा नमितानं बापाला विचारलं.

बाप म्हणजे हरेश्वर. एके काळी त्याची कोळंबी सोलायची शेड होती, वीस-वीस बायका पाटांवर बसून सोलायच्या. मग कोळंबी मोठ्या कारखान्यांत जाऊ लागली आणि शेडमध्ये जुनी जाळी नि मोडके क्रेट तेवढे उरले. त्यानं दोन दिवसांत ती रिकामी केली. भाडं घ्यायचं तर त्याच्या मनातही आलं नाही. गार्गीच्या वडिलांनी विषय काढला तर म्हणाला, पोरी खेलतात, भाडा कसला. बोर्ड आला त्या दिवशी त्यानं नारळ फोडला आणि होडीला वाहतात तशी हळद-कुंकवाची बोटं सांगाड्याला ओढली. वर्कशॉपच्या माणसानं सांगाडा जमिनीवर टेकवला, आपलं कोन मोजायचं पट्टीवजा हत्यार जमीन आणि खांब यांच्यात धरलं आणि सांगितलं, बरोबर चाळीस. मग चार बोल्ट ठोकले. मोजायच्या टेपचं दुसरं टोक नमितानंच धरलं होतं.

होल्ड मात्र दोघींनी लावले. चार दिवस लागले. नकाशा बघून एकेक होल्ड, एकेक बोल्ट, तोंड फिरवून बाणावर बाण. नावंही त्यांनीच ठेवली. एक पसरट होल्ड बोंबील, एक बारीक कडेचा तो तिसरी, आणि उजवीकडे वरचा, जो धरला की बोट चावल्यासारखं वाटायचं, तो नांगी. गार्गीला आधी तिसरी म्हणजे शिंपली हेही माहीत नव्हतं. वर्षभरात ती सगुणाच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं मागून खाऊ लागली.

अडीच वर्षं दोघी रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तिथे असायच्या. एक चढली की दुसरी खाली हात पसरून उभी. एकीच्या बोटाची कातडी फाटली की दुसरी टेप गुंडाळून द्यायची. लोक म्हणत, कोळ्याची पोर, दोरखंड ओढून बोटं आधीच तयार असणार. असलं काही नसतं. नमितानं आयुष्यात दोरखंड ओढला नव्हता. तिची बोटं तयार झाली ती त्याच वीस मिलिमीटरच्या लाकडी पट्टीला लटकून, जिला गार्गीही लटकायची. फरक एवढाच, की गार्गी दहा सेकंदांनी सोडायची आणि नमिता बाराव्या सेकंदाला दात खाऊन अजून एक मोजायची. दर रविवारी सकाळी नमिता गाद्या उचलून शेड धुवायची. दोन बादल्या पाणी पुढून ओतायचं, खराटा मारायचा, पाणी बोर्डच्या पाठीमागे गटारीकडे आपसूक जायचं. पाच मिनिटांत कोबा कोरडा. लहानपणापासून ती हेच करत आली होती.

सप्टेंबरमध्ये भिंतचढाईच्या राष्ट्रीय संघटनेचं पत्र आलं. बाविशीच्या आतल्या मुलींसाठी राष्ट्रीय शिबिर, तीन महिने, परदेशी प्रशिक्षक, आणि तिथून पुढे संघ. निवडीची पद्धत नवी होती. देशभरातून पोरींना एका जागी बोलावण्यापेक्षा सगळ्यांनी आपापल्या गावात याच बोर्डवर, याच चाळीस अंशांवर, ठरवून दिलेले पाच प्रॉब्लेम चढायचे आणि न तोडलेले व्हिडिओ पाठवायचे. बोर्ड सारखा, तेव्हा न्यायही सारखा. बोर्ड चाळीस अंशांवर आहे असं उमेदवारानं सही करून लिहून द्यायचं, आणि पहिल्या आलेल्या मुलीच्या बोर्डची तपासणी होणार. मुंबईतून जागा एकच.

नमिता येत्या मे महिन्यात बावीस पूर्ण करणार होती. म्हणजे हे शिबिर तिचं पहिलं आणि शेवटचं. गार्गी वीसची, तिला आणखी एक संधी होती. घरातही बोलणं झालंच होतं. सगुणानं सांगून टाकलं होतं, यंदा जमला तर जमला, नायतर पतपेढीत जागा हाय तिथं चिकट, मग तुझ्या लग्नाचं बघते. सगुणा वाईट बाई नव्हती. पहाटे चारला उठून भाऊच्या धक्क्याला मासळी आणायला जाणाऱ्या बाईला भिंत चढण्याचं कौतुक किती दिवस परवडणार? नमितालाही ते कळत होतं, म्हणून तिनं वाद घातला नाही. तिला फक्त ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की रात्री झोपेत तिच्या बोटांना पेटके यायचे.

पहिले चार प्रॉब्लेम दोघींचेही ऑक्टोबरात झाले. पाचवा मात्र हलकट होता. डाव्या हातात तिसरी, पाय जवळजवळ हवेत, आणि तिथून उजव्या हातानं झेप घेऊन नांगी धरायची. जगभरात तो अडीचशेच्या आत लोकांनी पूर्ण केला होता. नमिता त्या एका झेपेवर सात आठवडे पडत राहिली. गार्गीही पडत राहिली. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी नमिताची बोटं नांगीवर बसली, अंग झोक्यासारखं बाहेर गेलं, परत आलं, आणि बोटं सुटली नाहीत. वरचा होल्ड दोन्ही हातांनी धरून ती लटकली तेव्हा खाली गार्गी फोन धरून उभी होती. व्हिडिओत तिचा आवाज स्पष्ट आहे: "अगं, झालं यार. झालं तुझं."

त्यानंतर गार्गी येईनाशी झाली. घाटकोपरला मावशीकडे आहे, म्हणाली, आजी आजारी आहे. तिथे जवळ एक बोर्ड आहे, तिथे थोडं करते. नमिताला काहीच वाटलं नाही. उलट गार्गीचा पाचवा राहिला म्हणून तिला वाईट वाटत होतं, आणि आपल्याला वाईट वाटतं म्हणून मनातून थोडं बरंही वाटत होतं. माणूस असाच असतो, त्यात लपवायचं काय.

जानेवारीत यादी लागली. मुंबईतून पहिली नमिता, पाच. दुसरी गार्गी, चार. हरेश्वरनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. शिबिर म्हणजे काय हे त्याला नीट माहीत नव्हतं, पण पोरगी दिल्लीवाल्यांनी निवडली एवढं त्यानं पक्कं धरलं होतं. शिबिर दिल्लीत नव्हतं. ते त्याला कुणी सांगितलं नाही. सगुणानं पतपेढीवाल्यांना सांगितलं, तीन महिने थांबा. गार्गीनं फोनवर अभिनंदन केलं. आवाज जरा सपाट होता. ते साहजिक आहे असं नमिता धरून चालली.

तपासणीला शरच्चंद्र नावाचे गृहस्थ आले. पन्नाशीचे, मुलुंडचे, जुने गिर्यारोहक, बोलायला अतिशय मृदू. त्यांनी हरेश्वरनं पुढे केलेला चहा घेतला, तिसऱ्या मिनिटाला नमिताला अगं बाळ म्हणू लागले. हरेश्वर बंदरावर काम होतं म्हणून निघून गेला. शरच्चंद्रांनी होल्ड तपासले, बाण तपासले, मान डोलावली. इतके नीट बसवलेले होल्ड मुंबईत दुसरीकडे बघितले नाहीत, म्हणाले. मग पिशवीतून काडेपेटीएवढा एक डिजिटल मापक काढून बोर्डच्या पाठीला चिकटवला. बघितलं. काढून शर्टाला पुसला, पुन्हा चिकटवला. मग तोच मापक खाली वाकून कोब्यावर ठेवला आणि बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

"सदतीस पूर्णांक सात," ते म्हणाले. "बोर्डात काही चूक नाही, बाळ. ही जमीनच उतरती आहे. सव्वादोन अंशांच्या थोडी वर."

नमिता म्हणाली, असं कसं असेल. आणि म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांपुढून पाणी वाहत गेलं, दर रविवारी जातं तसं, पुढून मागे, सांगाड्याखालून, आपसूक. कोळंबीच्या शेडची जमीन उतरती असायचीच. नाहीतर दिवसभराचं पाणी नि सालं जाणार कुठे? वर्कशॉपचा माणूस परका होता, त्यानं जमिनीला सपाट धरलं आणि जमिनीपासून कोन मोजला. ओळंबा कुणीच लावला नाही. पण ती परकी नव्हती. ती याच जमिनीवर रांगली, चालायला शिकली. उतार तिच्या पायांना इतका सवयीचा झाला होता, की तिला तोच सपाट वाटत होता. तो बघायला बाहेरचा माणूस लागला, हीच मोठी चीड आणणारी गोष्ट होती, आणि चिडायचं कुणावर हे काही कळत नव्हतं.

भिंत जितकी कमी झुकलेली तितकी चढायला सोपी. सव्वादोन अंश म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण बोटांच्या पेरावर अंग तोलताना सव्वादोन अंश म्हणजे खांद्यावर कुणी पोरगं बसवल्यासारखं. शरच्चंद्र हे सगळं जाणून होते. त्यांनी नियमातली पळवाटही सांगितली. चूक अजाणता झाली असेल तर सात दिवसांची सवलत मिळते. बोर्ड दुरुस्त करून पुन्हा व्हिडिओ पाठवायचे. फक्त एक अट. त्याच बोर्डवर सराव करणाऱ्या दुसऱ्या कुणी लिहून द्यायला हवं, की ही चूक कुणालाही माहीत नव्हती. तुझ्याबरोबर कोण असतं, त्यांनी विचारलं. नमितानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि गार्गीचं नाव सांगितलं.

गार्गी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. केस धुतलेले, खांद्याला नवी बॅग. गादीवर बसली, पण बूट घातले नाहीत. नमितानं सगळं सांगितलं, भराभर, कारण आता बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. दोन ओळी लिहायच्या होत्या आणि कामाला लागायचं होतं. गार्गी ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं काय सांगतेस असं म्हटलं नाही. ते नमिताच्या उशिरा लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," नमिता म्हणाली.

"काकांनी, तुझ्या बाबांनी, सांगितलं होतं मला. नोव्हेंबरमध्ये. तू यायची होतीस, मी लवकर आले होते. ते बसले होते इथे जाळं विणत. मी म्हटलं, काका, पाणी इथे अजिबात साचत नाही ना, कसं काय? तर ते खूश झाले. पंचवीस फुटांना एक फूट उतार दिलाय म्हणाले, मी स्वतः गवंड्याच्या उरावर बसून करून घेतलाय."

"आणि मग तू घाटकोपरला गेलीस. चारही व्हिडिओ तिथे पुन्हा केलेस."

गार्गी बॅगेच्या पट्ट्याशी खेळत होती.

"मला का नाही बोललीस, गार्गी?"

"मला वाटलं तुला माहीत असणार. तुमचीच शेड आहे ना. तू धुतेस ती, मी नाही."

हेच तर नमिता काल रात्रभर स्वतःला विचारत होती. गार्गीनं तिचाच प्रश्न उचलून तिच्याच हातात ठेवला होता, आणि तो खोटाही नव्हता. नमितानं सगळा राग गिळला. राग नंतर करता येईल, सात दिवस नंतर मिळणार नाहीत. ती म्हणाली, जाऊ दे, झालं ते झालं, तू फक्त लिहून दे, की आपल्याला कुणाला कल्पना नव्हती. दोन ओळी. मी पुन्हा चढते, नाही चढले तर तू जा, मी स्वतः तुला सोडायला येईन.

"पण मला कल्पना होती," गार्गी म्हणाली. "काकांनाही होती. मी खोटं कसं लिहू? सहीनिशी मागतायत ते."

"तुला खोटं लिहिता येत नाही. आणि दोन महिने गप्प बसता येतं."

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही ना."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. तिला ते पटलेलं होतं. हीच त्यातली कडू गोष्ट. ती दुष्टपणानं बोलली असती तर नमितानं तिला गादीवरून उठवून बाहेर काढलं असतं. पण सत्याचा चाकू ज्यानं एकदा हातात घेतला, त्याला आपण कापतोय असं वाटतच नाही. तो म्हणतो, मी नुसता धरलाय. जाताना गार्गीनं तिचा खांदा दाबला आणि म्हणाली, मी तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द लिहिणार नाही, प्रॉमिस.

नमिता तरी बसून राहिली नाही. सवलत मिळेल अशी आशा होती, निदान संघटनेचं उत्तर येईपर्यंत तरी होती. तिनं चुलतभाऊ विकीला बोलावलं. तो होड्या दुरुस्तीला वर घ्यायचं काम करायचा. त्यानं दोन जॅक आणि तीन माणसं आणली. बोल्ट काढले, सांगाड्याची मागची बाजू चार इंच उचलली, खाली सागाच्या पाचरी ठोकल्या. शरच्चंद्रांनी मापक तिच्याकडे ठेवायला दिला होता, परत करायची घाई नाही म्हणाले होते. चाळीस. इकडे-तिकडे एक दशांशही नाही. हरेश्वर येऊन बघून गेला. पाचरी कशाला गो, त्यानं विचारलं. नवीन नियम आला, ती म्हणाली. त्यानं पाचरी हातानं हलवून बघितल्या, एक सैल वाटली ती पुन्हा ठोकून दिली आणि गेला.

खऱ्या चाळिसावर पहिल्या दिवशी तिचा तिसरासुद्धा प्रॉब्लेम झाला नाही. सगळे ओळखीचे होल्ड अनोळखी वागत होते. बोंबील, जो डोळे मिटून धरता यायचा, तोही हातातून निसटत होता. दुसऱ्या दिवशी तिसरा झाला, चौथ्या दिवशी चौथा. कातडी फाटली तर एकटीनं दातात धरून टेप गुंडाळली. फोन एका क्रेटवर टेकवून ठेवायची, कारण धरायला कुणी नव्हतं. खाली हात पसरून उभं राहायलाही कुणी नव्हतं, म्हणून दोनदा वाईट पडली. एकदा डाव्या कुशीवर, एकदा मानेवर.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तिनं पाचवा पूर्ण केला. नांगीवर बोटं बसली, अंग बाहेर गेलं, परत आलं. वर लटकली असताना तिला आनंद झाला, खरा, पोटातून वर येणारा आनंद, आणि तो खाली उतरेपर्यंत टिकला. गादीवर बसून तिनं व्हिडिओ बंद करायला फोन उचलला. त्यावर संघटनेची मेल दुपारपासून येऊन पडलेली होती.

मेल सभ्य होती. सराव करणाऱ्या सहकारी खेळाडूच्या निवेदनानुसार जागेच्या मालकांना उताराची पूर्ण कल्पना होती, आणि उमेदवार मालकांची कन्या असून जागेची देखभाल तीच करते. अशा परिस्थितीत चूक अजाणता झाली असं मानता येत नाही. सवलत नाकारण्यात येत आहे. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल संघटना कोणतंही मत व्यक्त करत नाही. मुंबईची जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला देण्यात येत आहे.

गार्गीनं शब्द पाळला होता. एकही वाईट शब्द नव्हता.

नमितानं ती मेल तीनदा वाचली. प्रत्येक वेळी तिची नजर 'मालकांना' या शब्दावर अडायची. बंदरावर बनियन घालून जाळी विणणारा माणूस, ज्यानं पोरी खेळतात म्हणून भाडं घेतलं नाही, तो एका कागदात लबाडीचा साक्षीदार होऊन बसला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं शरच्चंद्रांना फोन केला. त्यांना फार वाईट वाटलं. अगं बाळ, ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, हो काका. मापक कधी आणून देऊ?

गार्गीचा मेसेज पुढच्या आठवड्यात आला, निघण्याच्या आदल्या दिवशी. सॉरी यार, मला खरंच खूप ऑकवर्ड वाटतंय. बोर्ड राहू दे तुझ्याकडेच, तू वापर, मला आता लागेल असं वाटत नाही. खाली एक लाल हृदय. नमितानं ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही. नंतर तिला वाटलं, शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या तिला उत्तम येत होत्या, बाजारात वाढलेली पोर. पण त्या दिवशी एकही आठवली नाही.

घरी तिनं सांगायचं टाळलं होतं. आई पतपेढीत विचारून आली तेव्हा मात्र विषय निघाला. नमिता म्हणाली, सोमवारपासून जाते. सगुणानं तिच्याकडे एकदा बघितलं, काय समजायचं ते समजली आणि स्वयंपाकघरात गेली. हरेश्वर ओट्यावर बसला होता, मांडीवर जाळं, हातात सुई. तो समजला नव्हता.

"तू जानार होतीस ना? सात बंगल्याची गेली म्हनतात."

"ती गेली."

"आनि तू?"

नमिता त्याच्या शेजारी बसली. सांगता आलं असतं. चार वाक्यांत सगळं सांगता आलं असतं, उतार, नोव्हेंबर, मेल. आणि मग तो माणूस उरलेल्या आयुष्यात त्या शेडमध्ये पाय ठेवताना काय विचार करत राहिला असता, हेही तिला दिसलं. पंचवीस वर्षांत त्यानं स्वतःबद्दल मोठेपणानं सांगावं असं एकच काम केलं होतं, आणि ते त्यानं ऐकणाऱ्याला आनंदानं सांगितलं होतं.

"मना नाय जमला, बाबा," ती म्हणाली. "पाचवा होता ना, तो नाय जमला."

हरेश्वरनं मान हलवली. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं चार गाठी मारल्या. मग पोरीचं सांत्वन करावं म्हणून, आणि थोडं शहाणपण शिकवावं म्हणूनही, तो म्हणाला,

"ती पोर चौकस हाय गो. मागं माझ्यापाशी तासभर बसली होती. शेड कशी बांधली, कोबा कसा केला, सगला इचारून घेतला तिनं. अशी मानसं पुढं जातात." त्यानं दोरा दातानं तोडला. "तू बापाला कदी काय इचारलास नाय."

"नाय," नमिता म्हणाली. "नाय इचारला."